हप्ता अडकला? आधी सातबारा काढा

या महिन्याचीही निम्मी पत्रं शेतकऱ्याच्या खात्यात थेट पैसे देणाऱ्या दोन योजनांच्या, केंद्राच्या पीएम किसान आणि राज्याच्या 'नमो शेतकरी'च्या, हप्त्यांचीच आहेत. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : ई-केवायसी केली, तरी दोन हप्ते आले नाहीत. गावात म्हणतात, योजनाच बंद झाली.

पारावरच्या गप्पा सोडा आणि पीएम किसानच्या पोर्टलवर स्वतःची लाभार्थी स्थिती बघा. जमिनीची नोंद, ई-केवायसी आणि आधारशी जोडलेलं बँक खातं या तिन्हींपुढे 'होय' हवं. पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. जुन्या बँकेत पासबुक भरून घेत बसलेली आणि पैसे मात्र दुसऱ्याच खात्यात पडलेली माणसं मी दर हप्त्याला पाहिली आहेत. तिन्ही ठीक असतील, तर तालुका कृषी कार्यालयात आधार आणि सातबारा घेऊन जा. शेतकरी ओळख क्रमांक काढला नसेल तर तोही काढा.

प्रश्न : नवरा-बायको दोघांच्या नावे जमीन आहे. दोघांना मिळेल का?

नाही. पती, पत्नी आणि अज्ञान (18 वर्षांखालची) मुलं मिळून एकच लाभ.

प्रश्न : दुसऱ्याची जमीन बटाईने करतो.

पीएम किसान मिळणार नाही. सातबाऱ्यावर मालक म्हणून नाव लागतं.

प्रश्न : मालक वारून दोन वर्षं झाली. हप्ता येत होता, तो आता बंद झाला. दीर म्हणतात, जमीन कुठं पळून चालली आहे, वारस लावायची घाई कशाला?

ताई, घाई कराच. याच एका कामात आपण सगळ्यात जास्त आळस करतो आणि त्याचं नुकसान विधवा बाईला आणि लेकरांना सोसावं लागतं. 1 फेब्रुवारी 2019 नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर पीएम किसान मिळत नाही. वारसाने आलेल्या जमिनीवर मिळतं. पण त्यासाठी मालकांचं नाव कंसात जाऊन खाली तुमचं नाव यायला हवं. तोवर पीककर्ज अडतं, अतिवृष्टीची मदत अडते. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. 15 दिवसांची नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नावातला बदल, मंजूर करतात. याच कामासाठी सरकारने 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. तरीही पंधरा-पंधरा वर्षं मयताच्याच नावावर चाललेले उतारे लोक माझ्यापुढे ठेवतात, तेव्हा जीव तुटतो.

उताऱ्यावर दिरांचं नाव 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून असेल, किंवा कुणी हक्कसोड पत्रावर, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर, सही मागत असेल, तर आधी वकिलाला दाखवा. मालक गेल्यानंतर जमा झालेले हप्ते वापरू नका, ते परत भरावे लागतात. काढले असतील तर कृषी कार्यालयाला स्वतःहून कळवा.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, ट्रॅक्टर आत्ता घ्या, अनुदान मी मागून काढून देतो.

घेऊ नका. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, निवड, पूर्वसंमती आणि मगच खरेदी, हाच क्रम आहे. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. विक्रेत्याचं काम ट्रॅक्टर विकला की संपतं, कर्जाचे हप्ते तुम्हाला फेडायचे आहेत. सही करण्याआधी कृषी सहायकाला भेटा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची फाइल आली आहे. उघडू का?

मुळीच नाही. उघडली असेल आणि पैसे गेले असतील, तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि त्याच दिवशी बँकेत जा.