चांदीची बासरी ‘काष्ठवाद्य’ कशी?

प्रश्न असा आहे: आठवीतल्या मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रातली वाद्यकुटुंबं मराठीत लिहायची आहेत. कुणीतरी तिला तंतुवाद्ये, काष्ठवाद्ये, पितळवाद्ये, तालवाद्ये अशी यादी करून दिली. तिनं वहीत चित्रं चिकटवली आणि आईला विचारलं, ‘ही बासरी तर चांदीसारखी चकचकतेय, मग हिला काष्ठ का म्हणायचं?’ आईचं म्हणणं, काष्ठवाद्यऐवजी सुषिरवाद्य लिहिलं तर चालेल का? आणि जाता जाता आणखी एक: ‘सी मेजर’ म्हणजे आपली पांढरी एक पट्टीच ना?

मुलीची शंका रास्त आहे. काष्ठवाद्य लिहू नका. सुषिर हा शब्द फार चांगला आहे, पण इथे तो एकटा पुरत नाही.

आधी ‘वुडविंड’बद्दल, म्हणजे ज्याचं ‘काष्ठवाद्य’ केलं त्या इंग्रजी शब्दाबद्दल. हे नाव पडलं तेव्हा त्या रांगेतली बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बॅसून ही सगळी वाद्यं खरोखरच लाकडाची होती. पुढे म्युनिकच्या थिओबाल्ड बोम यानं १८४७ मध्ये धातूची बासरी बनवली आणि हळूहळू तीच रूढ झाली. नाव मात्र जुनंच राहिलं. सॅक्सोफोनची गंमत तर याहून मोठी. अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिरानं १८४६ मध्ये पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून त्याचं अंग पितळेचं आहे. तरी तो वुडविंडमध्येच मोजतात. उलट युरोपात पूर्वी ‘सर्पंट’ नावाचं सापासारखं वळणावळणाचं वाद्य होतं. लाकडाचं, वरून चामडं गुंडाळलेलं. ते मोजतात ट्रंपेटच्या गोतावळ्यात.

तेव्हा ‘वुड’ आणि ‘ब्रास’ ही नावं सामानावरून पडली असली तरी आता विभागणी होते ती सूर उमटतो कसा यावरून. आपल्याकडे म्हण आहेच, गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. पण वाजली तर ती पुंगीच. गाजराची म्हणून तिचं कुळ बदलत नाही.

कुळ ओळखायला मुलीला तीन गोष्टी करून बघायला सांगा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारायची: हवा कडेवर आपटून दुभंगते आणि बाटली घुमते. ही बासरी. मग पिंपळाच्या पानाची गुंडाळी करायची, एक टोक दातांनी चेपायचं आणि फुंकायचं. चेपलेल्या टोकाचे दोन पदर एकमेकांवर फडफडतात आणि पिपाणी वाजते. हा ओबो, हा बॅसून आणि हीच आपली सनई. तिसरं, बागेला पाणी घालायच्या नळीचा तुकडा घेऊन त्याच्या तोंडाशी ओठ घट्ट मिटून ‘ब्र्र्’ करायचं. इथे थरथरतात ते ओठ. हे ट्रंपेट, हे हॉर्न, हा ट्रोम्बोन आणि हीच आपली तुतारी. शंखसुद्धा इथलाच. म्हणजे ‘पितळवाद्ये’ लिहिलंत तर शंखाला त्याच्या सख्ख्या भावंडांत बसायला जागा उरत नाही.

क्लॅरिनेटमध्ये पानाचा एकच पदर असतो. लग्नातल्या बँडवाल्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. वरात निघायच्या आधी क्लॅरिनेटवाला (ते ‘क्लॅरोनेट’ म्हणतात, आणि मला तोच उच्चार आवडतो) कोपऱ्यात उभा राहून बोरूच्या जातीची ती पातळ पत्ती तोंडात धरून ओली करत असतो. शेजारचा सॅक्सोफोनवालाही तेच करतो. एकाचं वाद्य काळं, दुसऱ्याचं पितळी, पण दोघांच्या तोंडात सारखीच पत्ती. पलीकडचा ट्रंपेटवाला मात्र नुसतेच ओठ चाटत उभा असतो. वुडविंड आणि ब्रास यांतला फरक यापेक्षा सोपा करून मला सांगता येणार नाही.

आता सुषिर. नाट्यशास्त्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात वाद्यांचे चार प्रकार दिले आहेत: तत, अवनद्ध, घन आणि सुषिर. तत म्हणजे ताणलेलं. तंतू, ताण आणि गाण्यातली तान हे सगळे त्याच ‘तन्’ धातूचे नातेवाईक. अवनद्ध म्हणजे बांधलेलं, मढवलेलं: पखवाज, तबला. घन म्हणजे भरीव: टाळ, झांज, घंटा. सुषिर म्हणजे पोकळ, भोकाचं. यात झाड, धातू, चामडं असं नावानिशी कुठेच येत नाही. वाजतं काय, एवढाच सवाल.

ही विभागणी युरोपातही पोचली. कोलकात्याच्या सौरींद्रमोहन टागोरांनी १८७६ मध्ये बेल्जियमच्या राजाला भारतीय वाद्यांचा मोठा संच भेट दिला. तो ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयात गेला, आणि तिथले व्हिक्टर माहियों यांनी आपल्या संग्रहाची मांडणी याच चौकटीवर केली. १९१४ मध्ये होर्नबोस्टेल आणि झाक्स या वाद्यांच्या अभ्यासकांनी जी जगभर वापरली जाणारी वर्गवारी दिली तिचा पाया तोच. त्यामुळे सुषिर हा कुठल्याही इंग्रजी शब्दाचा ओढूनताणून केलेला अनुवाद नव्हे. झाला असेल तर उलटा प्रवास झाला आहे.

अडचण एकच. सुषिरमध्ये बासरीही येते आणि ट्रंपेटही. म्हणजे ऑर्केस्ट्राच्या दोन वेगळ्या रांगा एकाच शब्दात कोंबल्या जातात. मी मुलीच्या जागी असते तर वर ‘सुषिर (फुंकून वाजवायची) वाद्ये’ असं मोठं शीर्षक देऊन खाली दोन पोटशीर्षकं केली असती, ‘वुडविंड’ आणि ‘ब्रास’. सरळ देवनागरीत. वाजवणारे तेच शब्द वापरतात आणि त्यात कमीपणा काही नाही. काष्ठवाद्य हा शब्द कुणाच्याच तोंडात नाही, आणि वर तो दिशाभूल करतो. असला शब्द शुद्ध असून काय उपयोग?

यादीतलं ‘तालवाद्ये’ही मला खटकतं. ऑर्केस्ट्रातल्या टिंपनीला (नगाऱ्यासारखं वाद्य) ठरावीक सूर असतो, झायलोफोनवर तर अख्खी धून वाजते. ताल म्हटलं की आपल्याला सम आणि खाली आठवते, आणि ती तिथे नसते. ‘आघातवाद्ये’ लिहावं. तंतुवाद्ये ठीक आहे. आणि हो, कुटुंबच लिहा, ‘वाद्यघराणी’ नको. घराणं म्हटलं की डोळ्यांपुढे किराणा-ग्वाल्हेर उभं राहतं.

आता पट्टी. हा माझा लाडका शब्द. पेटीवर बोटाखाली असते ती लाकडाची पट्टी. तिथून ती गळ्यात शिरली आणि ‘तुमची पट्टी कुठली?’ हा गाणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न झाला. भांडणातही आपला आवाज वरच्या पट्टीत जातो, समोर पेटी नसली तरी. सी म्हणजे पांढरी एक हे बरोबर. पण ‘सी मेजर’ म्हणजे नुसती पांढरी एक नव्हे. पट्टी फक्त षड्ज कुठे धरायचा ते सांगते. पुढचा रिषभ कोमल की शुद्ध, यावर ती गप्प असते. ‘मेजर’ हा शब्द ते सांगतो. पांढरी एकला सा धरून सगळे शुद्ध स्वर, म्हणजे बिलावल थाटाचे स्वर घेतले, की सी मेजरची सरगम मिळते. सी मायनर घ्यायचा तर सा तोच, पट्टी तीच, पण गंधार, धैवत, निषाद कोमल: आसावरी थाटाचे स्वर. मायनरचे आणखीही प्रकार आहेत, पण आठवीच्या प्रकल्पाला एवढं बास.

पट्ट्या मोजताना काळ्या आणि पांढऱ्या वेगवेगळ्या मोजायच्या हेही तिला सांगा, नाहीतर गोंधळ होतो. मैफल सुरू होण्याआधी ओबोवाला एक लांब सूर धरतो आणि सगळा ऑर्केस्ट्रा त्याला आपापली वाद्यं मिळवतो, तो सूर ‘ए’, म्हणजे सेकंदाला साधारण ४४० कंपनं. घरी पेटी असेल तर मधल्या सप्तकात तिनं पांढरी सहा दाबावी. पेटी फार उतरलेली नसेल तर तोच सूर निघेल.