जुनं पोलादी की नवं पॉलिमर?

भावा, .४५ चं (म्हणजे ०.४५ इंच जाडीच्या गोळीचं) पिस्तूल जुन्या धाटणीचं घ्यावं की नव्या, हे ठरवायच्या आधी दोन्ही हातात धरून बघ.

जुन्यातलं पोलादी पिस्तूल म्हणजे जॉन ब्राउनिंगनं घडवलेलं ‘१९११’ मॉडेल. अमेरिकन सैन्यानं ते १९११ सालीच स्वीकारलं आणि आजही ते बनतंय. कारण ट्रिगर. तो सरळ मागं सरकतो, अंतर थोडं आणि सुटतो अगदी स्वच्छ. टार्गेटवर गोळ्या एकमेकींना खेटून पडतात. रिकामं वजन १.१ किलोच्या आसपास, त्यामुळं धक्का बराचसा पोलादच सोसतं. पण तेच वजन कमरेला लावून निपाणीपर्यंत गाडी चालवलीस की कंबर बोलायला लागते. मॅगझिनमध्ये गोळ्याही सहसा ७ च.

नव्यातलं म्हणजे पॉलिमरच्या (कडक प्लास्टिकच्या) सांगाड्याचं ग्लॉक २१. त्यात १३ गोळ्या आणि वजन बरंच कमी. अंगठ्यानं पाडायची सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणूनचा खटका) नाही, ट्रिगरमध्येच एक पातळ पट्टी असते. म्हणून होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) ट्रिगर पूर्ण झाकणारंच हवं. मूठ मात्र जाड. बोटं आखूड असतील तर पकड बसत नाही. १९११ ला अंगठ्यानं सेफ्टी पाडायची सवय रिकाम्या पिस्तुलावर घोटून घोटून अंगात मुरवावी लागते. नवख्यानं हे टाळूच नये.

माझं मत विचारशील तर नेम शिकायला १९११, बाळगायला नवं.

परवाना मात्र आधी वाच. ९ मिमी गोळीचं पिस्तूल साध्या परवान्यावर मिळत नाही. क्षेत्र फक्त कर्नाटक लिहिलं असेल तर कोगनोळी नाका ओलांडून कागलला शस्त्र न्यायचं नाही, पाहुण्यांचं लग्न असलं तरी. आणि लग्नात हवेत बार काढणं शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं शिक्षापात्र आहे.