झोआ मिटलेत? आधी प्लगची खालची बाजू बघा

तुम्ही लिहिलंय की तुमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाण्याचे सगळे आकडे ठीक आहेत, शेजारचे मशरूम (तेही मऊ प्रवाळच) फुललेत, पण झोआंची, म्हणजे झालरवाल्या छोट्या मऊ प्रवाळांची, प्लगवर (चिकटवायच्या छोट्या चकतीवर) असलेली एकच कॉलनी तीन आठवडे मिटलेली आहे आणि दुकानदार लाइट कमी करा म्हणतोय. चार वर्षांपूर्वी आमच्या हॉलमधल्या टाकीत हुबेहूब हेच चाललं होतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. पाणी, लाइट, प्रवाह यांवर बोलत नाही, ते तुम्ही तपासलंय.

माझा संशय न्युडिब्रांकवर आहे, म्हणजे शंख नसलेली समुद्री गोगलगाय. झोआ खाणारी जी जात असते ती झोआंचाच रंग अंगावर घेते आणि तिच्या पाठीवरची बोटं थेट झोआच्या झालरीसारखी दिसतात. दिवसा शोधून सापडत नाही. रात्री लाइट बंद झाल्यावर दोन तासांनी टॉर्च घेऊन बसा. मला पहिली दिसली ती एका मिटलेल्या झोआच्या देठाला बिलगून बसलेली, जेमतेम सात-आठ मिलिमीटरची. ती सरकली नसती तर मी तिला झोआच समजलो असतो.

आता माझी चूक. ज्या दुकानातून कॉलनी मागवली होती तिथे मी चार वेळा फोन केला. आधी लाइट कमी करा, मग मॅग्नेशियम वाढवा. या नादात टेस्ट किटवर पैसे गेले आणि पंधरा दिवस गेले. शेवटी मी गोगलगाईचा फोटो पाठवला तेव्हा उत्तर आलं, "एकदा आयोडीनचा डिप द्या, संपला विषय." मी दिला, म्हणजे कॉलनी आयोडीन मिसळलेल्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवली. भांड्याच्या तळाशी अकरा गोगलगाई पडल्या, मला हायसं वाटलं, आणि तोच प्लग तसाच टाकीत परत ठेवला. दहा दिवसांनी दुप्पट. चाळीस तोंडांच्या (म्हणजे चाळीस झोआंच्या) कॉलनीतली सहा उरली आणि तोवर गोगलगाई शेजारच्या दुसऱ्या कॉलनीवरही गेल्या होत्या.

डिपने गोगलगाय मरते, अंडी मरत नाहीत. हे एक वाक्य मला कुणी सांगितलं असतं तर ती कॉलनी आज असती. विकणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं, याबाबतीत माझा राग अजून गेलेला नाही.

प्लग उलटा करून भिंगातून बघितला तेव्हा कळलं. कडेच्या खाचेत पांढरट, बारीक, चकलीसारखी वेटोळी. तीच अंडी. देठांच्या बेचक्यातही असतात. दिसली की चिमट्याने किंवा जुन्या टूथब्रशने पूर्ण खरवडून काढायची. शक्य असेल तर कॉलनी नव्या प्लगवर घ्या आणि जुना फेकून द्या. मी दर सातव्या दिवशी डिप आणि भिंगाने तपासणी असं पाच वेळा केलं. सगळे झोआ तोवर वेगळ्या बादलीत, हीटर आणि एअर पंप लावून. मुख्य टाकीत दीड महिना एकही झोआ नाही, म्हणजे मागे राहिलेल्यांना खायला काही नाही. हा माझा हिशेब आहे, शास्त्र म्हणून घेऊ नका. डिपचं प्रमाण बाटलीवर आहे तेवढंच, आणि पाणी टाकीचंच घ्या.

हे मात्र न चुकता पाळा: झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबर विष असू शकतं. हातमोजे आणि डोळे पूर्ण झाकणारा चष्मा हवाच, खरवडायचं ते पाण्याखाली, उघड्यावर नाही. झोआ असलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाणीही ओतू नका. तो ब्रश परत कशालाही वापरू नका. घरात लहान मूल असेल तर हे काम त्याच्यासमोर नको.

सिक्सलाइन रास आणा असं कुणीतरी सुचवेलच. मासा चांगला आहे, काही गोगलगाई खातोही, पण त्याच्या भरवशावर अंडी सोडू नका. शिवाय तो लहान टाकीत दुसऱ्या माशांना छळतो.

तुम्हीही सोलापुरातलेच म्हणून एक सांगतो. बादली उन्हाळ्यात मुख्य टाकीपेक्षा लवकर तापते. आपल्याकडे हवा कोरडी, त्यामुळे साधा पंखा पाण्यावर सोडला तरी तापमान चांगलं उतरतं, पण पाणीही तेवढंच उडतं आणि खारटपणा चढतो. वीस लिटरच्या बादलीत एका दिवसात फरक दिसतो. बादलीवर खूण करून ठेवा, सकाळ-संध्याकाळ आरओचं पाणी तिथपर्यंत घाला. नळाला पाणी रोज येईलच असं नाही, तेव्हा आरओचा साठा डिपच्या आठवड्याआधीच करून ठेवा. बोअरचं वापरू नका. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा.

हेच ॲक्रोपोरा या कठीण प्रवाळासाठी चालेल का, असं कुणी विचारेल. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मी ते ठेवत नाही आणि त्यावर सल्लाही देत नाही.

आज रात्री टॉर्च मारा. गोगलगाय दिसली नाही तरी उद्या प्लग उलटा करून खालच्या बाजूचा जवळून फोटो टाका, कडेच्या खाचा स्पष्ट दिसतील असा.