करवतकाठी कापू नकोस

करवतकाठी, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेली टसर रेशमाची साडी, घरसजावटीत आणायची तुझी कल्पना मला फार आवडली. पण तयार साडी कापून उशांचे अभ्रे शिवू नकोस. नागपुराहून भंडारा जिल्ह्यातलं आंधळगाव काही लांब नाही. तिथे जा, मागाशेजारी दिवसभर बस. काठाचा रंग साडीच्या अंगात मिसळू नये म्हणून आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात, आणि करवतीचे दाते त्या धाग्यांच्या गुंफणीतच तयार होतात. छापील नक्कल मला म्हणूनच पटत नाही. विणकरालाच विचार, हा काठ पडद्याच्या मधोमध घेता येईल का, दाते वीतभर मोठे होतील का? खरा नवेपणा तिथे सापडेल. टसर सोफ्याच्या बैठकीला नको, घासून विरतं. पडद्याला मात्र सुती अस्तर लावच. आपल्या उन्हात रेशमाचा रंग उडतो. आणि नमुन्याची मजुरी आगाऊ दे.