संगणक-शंका: पावत्या उघडल्या, गाडी नंबर कोरे

प्रश्न: आमच्या जिनिंगवर भुईकाट्याचा प्रोग्राम सी भाषेतला आहे, टर्बो सीच्या काळापासून चालत आलेला. यंदा नवा संगणक घेतला, त्यावर जीसीसी १५ हा कंपाइलर (कोडचा चालता प्रोग्राम बनवणारा) आहे. तो 'टाइपडेफ इंट बूल' या ओळीवर ('बूल' हा हो-नाहीचा प्रकार म्हणजे इंट, पूर्णांकच, असं सांगणारी) अडतो. पुतण्या म्हणतो, जुने मॅक्रो (एका शब्दाच्या जागी दुसरा मजकूर घालणारे) आणि कंपॅटिबिलिटी हेडर (जुन्या-नव्या कंपाइलरशी जुळवून घेणारी फाइल) सगळंच काढून टाकू. काढू का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर: भाऊ, इतक्यात काही काढू नका. सी२३ मानकात 'बूल' हा भाषेचा स्वतःचा शब्द झाला, आणि वेगळं सांगितलं नाही तर जीसीसी १५ त्याच मानकाने चालतो. सध्या कंपाइलरला आधीचं मानक जीएनयू१७ द्या, काम सुरू होईल. साफसफाई कापसाचा सीझन आटोपल्यावर.

तेव्हाही ती ओळ नुसती पुसू नका. मी एका जिनिंगवर तेच केलं होतं. कंपाइलरची एकही तक्रार नाही. सकाळी जुन्या पावत्या उघडल्या तर सगळ्या गाड्यांचे नंबर कोरे, आणि हिशेबाला आलेले शेतकरी दारात उभे. रेकॉर्ड असं होतं: पावती क्रमांकाचा इंट, मग 'रिकामी गाडी तोलली का' हा बूल, मग गाडी नंबरची १२ अक्षरं. जुना बूल ४ बाइटांचा, म्हणून शून्यापासून मोजलं तर नंबर ८ वर सुरू व्हायचा. नवा बूल १ बाइटाचा, म्हणून प्रोग्राम ५ पासून वाचू लागला. तिथे जुन्या बूलचे उरलेले तीन बाइट, तिन्ही शून्य. आणि शून्य आलं की सीच्या लेखी मजकूर संपला. रेकॉर्डची लांबी मी तपासली होती, पण ती दोन्हीकडे २०च भरली, कारण नव्या रचनेत कंपाइलरने शेवटी ३ बाइट भर घातली.

म्हणून, तुमचंही रेकॉर्ड असंच असेल तर, फाइलीत जाणाऱ्या रेकॉर्डमध्ये बूलच्या जागी 'इंट३२_टी' (नेहमी ४ बाइटांचा पूर्णांक) लिहा आणि गाडी नंबर ८ वरच सुरू होतो, हे 'ऑफसेटऑफ' (रेकॉर्डमधली जागा सांगणारं) वापरून 'स्टॅटिक_असर्ट'ने (अट चुकली तर कंपाइलच होऊ न देणारं) पक्कं करा. बाकी कोडमध्ये नवा बूल खुशाल घ्या.

हेडर ठेवा, पण एकच, आणि प्रत्येक ओळीशेजारी ती कुठल्या कंपाइलरसाठी आहे ते लिहा. टर्बो सीचे 'फार', 'ह्यूज' हे पॉइंटरचे जुने शब्द कोडमधून काढलेत की त्यांचे रिकामे मॅक्रोही जाऊ द्या.

'मॅक्स' (दोनपैकी मोठा आकडा देणारा) हा मॅक्रो मात्र आधी शोधा. त्याच्या कंसात काटा वाचणारं फंक्शन दिलं असेल, तर काटा दोनदा वाचला जाऊ शकतो: तुलना पहिल्या वजनाशी, पावतीवर दुसरं. गाडी जरा हलली की आकडा बदलला. शेतकऱ्याच्या मालाचा प्रश्न आहे, तिथे 'स्टॅटिक इनलाइन' फंक्शनच हवं, म्हणजे काटा एकदाच वाचला जातो.

पुतण्याला सांगा, डेटा फाइलीची प्रत आधी बाजूला ठेव, गेल्या वर्षीच्या दहा पावत्या छापून घे, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच दहा उघडून ताडून पाहा.