पाच जणांच्या ग्रुपला 'स्मारक' विषय मिळालाय, कुणाचा पुतळा करावा आणि कामं कशी वाटून घ्यावीत?

पुतळाच करायचा हे कुणी ठरवलं? विषय स्मारक आहे. आधी पाचही जण मुंबईत काळा घोडाला जाऊन या. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा 1965 ला तिथून हलवला, तो आता भायखळ्याला जिजामाता उद्यानात आहे, 2017 ला नवा घोडा बसवला तो बिनस्वाराचा, पण मधली पन्नासेक वर्षं तिथे घोडाच नव्हता तरी लोक टॅक्सीवाल्याला काळा घोडाच सांगायचे. मग स्मारक ब्राँझमध्ये असतं की लोकांच्या तोंडात? यावर भांडा, निम्मं काम तिथेच होईल.

आम्हीपण आर्ट कॉलेजात थर्ड इयरला पाच जण होतो. ठरलं असं की नुसता चौथरा करायचा, वर कुणी नाही, आणि चौथऱ्यातून बाहेर येणारे हात, कॉलेज रोज चालवणाऱ्यांचे. शिपाईकाका, वॉचमन, लाइफ स्टडीला मॉडेल म्हणून बसणारे आजोबा, कँटीनच्या मावशी. मोल्डिंग-कास्टिंग, म्हणजे हाताचा साचा काढून त्यात ओतायचं काम, माझ्याकडे. मावशी कणीक मळता मळता हात धुऊन आल्या, मी व्हॅसलीन चोळून प्लास्टर लावलं, सेट होताना तापायला लागलं तशा म्हणाल्या, "गरम होतंय रे पोरा," पण हात हलवला नाही. कास्ट उघडला तर बोटावरचा विळीचा जुना व्रण उतरलेला आणि नखाच्या कडेला अडकलेली कणीकसुद्धा. मावशी किती वेळ बघत उभ्या होत्या, मग म्हणाल्या, "एवढा म्हातारा झाला होय माझा हात."

आणि डिस्प्लेच्या दिवशी लेबलवर काय? वर एका मित्राचं नाव, 'संकल्पना', खाली बारीक अक्षरात आम्ही चौघं, 'सहाय्य'. मावशींचं, काकांचं नाव कुठेच नाही. ज्यांचं स्मारक तेच बेनाम! मी तिथेच भांडलो. तो म्हणाला आयडिया माझी, आणि वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, तो घडवणाऱ्याचं नाव तरी कुठे असतं. अरे, वीरगळावर खाली लढाई असते, मध्ये अप्सरा वीराला नेतात, वर तो शिवलिंगापुढे बसलेला असतो, माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे सगळा दगड ज्याच्यासाठी उभा केला त्याचाच असतो. घडवणाऱ्याचं नाव बहुतेक नसतं हे खरं, पण आयडियावाल्याचंही नसतं ना! आणि आयडिया टपरीवर पाच जणांच्या बोलण्यातून निघते, पहिला कोण बोलला म्हणून ती त्याची होत नाही. तो अजून भेटतो, अजून मानत नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी नावांचं कागदावर लिहून घ्या. पाचही नावं एका साइजमध्ये, आणि ज्यांच्यावर काम करताय त्यांची त्याच्या वर. कास्टिंग एकावर टाकू नका, किमान दोघं लागतात आणि आळीपाळीने सगळ्यांनी प्लास्टर कालवा, नुसतं स्केचबुक घेऊन बसणारा कुणी नको.

तुमच्याकडे मार्क वेगवेगळे देत असतील तर कुणी काय केलं याची रोजची नोंद ठेवा, तिथे मात्र सगळं सारखं म्हणून चालत नाही. आणि हात कास्ट करणार असाल तर आमच्यासारखं थेट प्लास्टर लावू नका, जाड थराने खरंच भाजतं. अल्जिनेट घ्या, दातांचं माप घ्यायला वापरतात ते, डेंटल सामानाच्या दुकानात मिळतं. बांगड्या, अंगठी आधी काढायला सांगा.