वाचकांचे प्रश्न : सायटेशनचा कुठला आकडा खरा धरायचा?

प्रश्न : आमच्या निवड समितीपुढे स्थूल अर्थशास्त्राच्या एका अभ्यासकाचा अर्ज आहे. गूगल स्कॉलरवर त्यांची सायटेशन, म्हणजे इतरांनी आपल्या लेखांत दिलेले त्यांचे संदर्भ, साडेतीन हजार दिसतात, तर रेपेकवर जेमतेम अकराशे. अर्जात खोटं लिहिलंय का? (प्राध्यापक, कोल्हापूर)

तेवढ्यावरून खोटं म्हणता येणार नाही. गूगल स्कॉलर दिसेल ते मोजतं : जर्नलमधले लेख, वर्किंग पेपर (जर्नलमध्ये येण्याआधीची आवृत्ती), पीएचडीचे प्रबंध, पुस्तकं, परिषदेतले मसुदे. 1997 पासून चालणारं रेपेक हे लेखांच्या नोंदींचं संकेतस्थळ फक्त अर्थशास्त्रापुरतं आहे. संदर्भयादी ज्या लेखांची वाचता आली, तेवढेच त्याच्या मोजणीत येतात. बरेच प्रकाशक लेख कुलपात ठेवतात, म्हणून रेपेकचा आकडा कमीत कमी इतका तरी आहे, असा वाचायचा. सगळ्या उमेदवारांसाठी एकच मोजपट्टी घ्या, मग ती कुठलीही असो.

मात्र गूगल स्कॉलरचं प्रोफाइल उघडून वर्षाप्रमाणे लावून एकदा खालपर्यंत बघाच. नवे लेख आपोआप जोडण्याची सोय चालू असली की नामसाधर्म्यामुळे भलत्याचे लेख आत येतात. ‘एस. जोशी’ किंवा ‘ए. पाटील’ असेल तर विचारूच नका; चलनवाढीच्या पेपरांमध्ये कपाशीवरचा रोग निघतो. बहुतेकदा यात लबाडी नसते, आळस असतो.

प्रश्न : माझा वर्किंग पेपर 2019 साली आला. तोच लेख 2023 साली शीर्षक बदलून जर्नलमध्ये छापून आला. सायटेशन दोन्हीकडे विभागली गेली आहेत. एच-इंडेक्स 6 वर अडकलाय, त्याचं कारण हेच असेल का? लेखनिहाय आकडे : 58, 33, 21, 14, 9, 7, 6, 5, 2. यातले 6 आणि 5 हे त्या एकाच लेखाचे. (संशोधक, मुंबई)

हो, हेच. एच-इंडेक्स काढताना लेख उतरत्या क्रमाने लावायचे आणि ज्या क्रमांकापर्यंत सायटेशन क्रमांकाइतकी किंवा जास्त आहेत, तिथे थांबायचं. तुमच्या यादीत सहाव्या लेखाला 7 आहेत, म्हणजे चालतं. सातव्याला 6 आहेत, तिथे गाडी थांबते. आता दोन आवृत्त्या एकत्र करा. बेरीज 11 येईलच असं नाही, कारण दोन्हींचा संदर्भ देणारा लेख एकदाच धरला जातो. असा एक लेख असेल तर 10 उरतील. नवी यादी 58, 33, 21, 14, 10, 9, 7, 2 अशी होते. सातव्याला 7, म्हणजे इंडेक्स 7.

गूगल स्कॉलरवर दोन्ही नोंदींपुढे टिक करा, वर ‘मर्ज’चं बटण येतं, मुख्य नोंद म्हणून जर्नलची आवृत्ती निवडा. नंतर आकड्यापुढे फुलीसारखी चांदणी दिसली तर घाबरू नका. या मोजणीत न जुळणारी सायटेशन असू शकतात, एवढाच तिचा अर्थ. रेपेकच्या लेखक-सेवेत दोन्ही आवृत्त्या आधी आपल्या नावावर घ्याव्या लागतात. शीर्षक तेच असेल तर जोडणी आपोआप होते. तुमचं बदललंय, त्यामुळे आवृत्त्या जोडण्याचा फॉर्म भरावा लागेल. क्रमवारी महिन्यातून एकदाच निघते, तेव्हा दुसऱ्या दिवशी जाऊन बघण्यात अर्थ नाही.

याची उलट बाजूही आहे. दोन्ही आवृत्त्यांना भरपूर सायटेशन असतील तर त्या वेगळ्या ठेवल्याने इंडेक्स फुगतो. अर्ज तपासणाऱ्यांनी एकच लेख दोनदा आलाय का, हे जरूर पाहावं.

प्रश्न : अर्थशास्त्रातल्या सर्वांत मानाच्या पहिल्या पाच जर्नलांत लेख नसेल तर स्थूल अर्थशास्त्रज्ञाला मोजायचंच नाही का? (विद्यार्थिनी, पुणे)

मग टेलर रूलही (महागाई आणि उत्पादन पाहून व्याजदर ठरवण्याचं सूत्र) बाद करावा लागेल! जॉन टेलर यांचा 1993 चा तो लेख कार्नेगी-रोचेस्टर परिषदमालेत आला. रॉबर्ट लुकास यांची 1976 ची प्रसिद्ध समीक्षाही त्याच मालेतली. पाच जर्नलांचं वजन आहे, ते नाकारून चालणार नाही. पण ते लेखाच्या जागेवर शेरा मारतं, लेखावर नाही. आणखी एक गंमत : कल्पना इतकी रुळते की लोक नुसतं ‘टेलर रूल’ लिहून पुढे जातात, मूळ लेख यादीत देतच नाहीत. अशा वेळी सायटेशन प्रभावापेक्षा कमीच दिसतात.

प्रश्न : सायटेशन जास्त म्हणजे निष्कर्ष भक्कम, असं धरावं का? (वाचक, नाशिक)

नाही. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांचा 2010 चा लेख घ्या. सरकारी कर्ज जीडीपीच्या 90 टक्क्यांवर गेलेल्या श्रीमंत देशांची सरासरी वाढ त्यात उणे 0.1 टक्का आली होती. 2013 मध्ये हर्नडन, ॲश आणि पोलिन यांनी मूळ एक्सेल फाइल तपासली. सरासरीच्या सूत्रात ओळी 30 ते 49 हव्या होत्या. घेतल्या होत्या 30 ते 44. पाच देश गळाले. काही देशांची काही वर्षंही धरली नव्हती. शिवाय वजन देशागणिक सारखं दिल्याने न्यूझीलंडचं एक वाईट वर्ष ब्रिटनच्या 19 वर्षांइतकं जड झालं. दुरुस्त सरासरी आली 2.2 टक्के. एक्सेलची चूक मूळ लेखकांनी मान्य केली. बाकी मुद्द्यांवर ते ठाम राहिले. यानंतर त्या लेखाचा उल्लेख चूक दाखवण्यासाठीही होऊ लागला, आणि मोजणाऱ्या यंत्राला खंडन आणि समर्थन यातला फरक कळत नाही. म्हणून ‘सायटेड बाय’वर क्लिक करून वेगवेगळ्या वर्षांतले पंधरा-वीस लेख उघडा. ज्या वाक्यात संदर्भ आलाय तेवढं वाक्य वाचा : पद्धत वापरली आहे, खोडली आहे, की प्रस्तावनेत चार नावांबरोबर नुसतं उरकलंय? यात एक दुपार जाते.

प्रश्न : उमेदवाराचं नाव प्रत्येक लेखात शेवटी आहे. वाटा कमी समजावा का? (प्राचार्य, सोलापूर)

आडनाव वर्णमालेत शेवटी येतं का ते बघा. अर्थशास्त्रात नावं बहुधा वर्णानुक्रमे लावतात. विज्ञानातला पहिल्या-शेवटच्या लेखकाचा नियम इथे लावू नका. सहलेखकांच्या संख्येने भागलेली मोजणी हवी असेल तर रेपेकवर ती तयार मिळते.